कॉमेंट्री गप्प राहतो

घोड्यावर बसून तोंड बंद ठेवायचं, एवढंच त्याला जमत नव्हतं. बाकी सगळं थोडं थोडं जमत होतं. पागेत त्याला सगळे 'कॉमेंट्री' म्हणायचे, आणि ते उगीच नव्हे. हा खोगीर घालताना बोलणार, रिकिबीत पाय टाकताना बोलणार, घोडी दुडकीत असताना बोलणार, आणि उडीच्या पलीकडे आपटला तर जमिनीवरूनही बोलणार. एकदा चिखलात उताणा पडला. सगळे धावत गेले, तर हा पठ्ठ्या आभाळाकडे बघत घोडीची समजूत घालत होता, "काही नाही झालं गं, बयो. मीच जरा लवकर उतरलो."

वय चोपन्न, धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतला माणूस लाल बटण दाबतो, आणि मग भिंतीतल्या जाळीतून एक आवाज येतो. शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये तो आवाज ह्याचा. "घाबरू नका. मी आहे ना, इथेच आहे. कुठे जात नाही." हे म्हणताना तो बहुतेक वेळा तीन रस्ते पलीकडे व्हॅनमध्ये असायचा, हातात अर्धा खाल्लेला पाव. पण ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडायचा. एका बाईंनी तर सुटका झाल्यावर तक्रार केली होती, की इतक्यात का काढलंत, गोष्ट अर्धी राहिली.

पागेत तो आला तोही लिफ्टपायीच. माळ्यावर गवताचे भारे चढवणारी छोटी मालाची लिफ्ट बिघडली होती. तो मोटार उघडून बसला होता आणि समोरच्या ठाणातली तांबूस घोडी दाराला लाथा घालत होती. पाच वर्षांची, पुढचा एक पाय पांढरा मोजा घातल्यासारखा, आधीच्या मालकानं चाबकाखाली ठेवलेली. माणूस जवळ आला की कान मागे आणि दात पुढे. ह्यानं मोटारीतून डोकं वर न काढता सवयीनं सुरू केलं, "घाबरू नका, मी आहे ना, इथेच आहे." अर्ध्या तासानं लाथा थांबल्या. त्यानं मागं वळून पाहिलं तर दारावर मान टाकून घोडी जिवाचा कान करून ऐकत होती. झालं. त्या दिवसापासून ती त्याची आणि तो तिचा. घरी बायकोनं कपाळाला हात लावला.

आता चव्वेचाळिसाव्या वर्षी घोड्यावर बसायला शिकलेल्या माणसाचे पाय कसे असणार? लाकडी. प्रशिक्षक बाई रोज घसा फोडून ओरडायच्या, "अहो कॉमेंट्री, पाय वापरा, पाय! ते काय नुसते रिकिबी अडकवायला दिलेत?" पण पायानं सांगायची गरजच पडत नव्हती ना! "वळ गं" म्हटलं की बयो वळायची. "सावकाश" म्हटलं की सावकाश. उडीच्या आधी तीन पावलांवर "हं!" म्हटलं की उचललीच समजा. घोड्याला शिकवतात ती पोटरीच्या दाबाची भाषा, आणि ह्यानं घोडीला शिकवली स्वतःची. बाई म्हणायच्या, ही चूक तुम्हाला एक दिवस भोवेल. तो हसून म्हणायचा, "भोवेल तेव्हा बोलून काढू."

ह्या खेळात एका माणसानं एकाच घोड्यावर तीन परीक्षा द्यायच्या असतात. पहिली चौकोनी मैदानातल्या कवायतीची, दुसरी रंगीत दांड्यांवरच्या उड्यांची, तिसरी मोकळ्या रानातल्या धावेची. तिथे ओंडके, खंदक आणि पाण्याचं डबकं. पहिल्या परीक्षेत घोड्याशी बोलायला बंदी. प्रत्येक शब्दाला दोन गुण वजा. कॉमेंट्रीचे दर वेळी इतके गुण वजा व्हायचे की पुढच्या दोन परीक्षा चांगल्या होऊनही तो शेवटून तिसरा. एका परीक्षक बाईंनी कागदावर लिहून दिलं होतं: 'घोडी गुणी. स्वाराने तोंड आवरावे.' तो कागद बायकोनं फ्रिजवर चिकटवला. म्हणाली, लग्नात मिळायला हवा होता.

असा हा माणूस. आणि ह्याचाच आवाज बसला.

आधी वाटलं, मैदानातली धूळ. मग वाटलं, हिवाळा. गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या, गोळ्या झाल्या. दोन महिने झाले तरी आवाज घोगराच, आणि गिळताना कानापर्यंत टोचायचं. शेवटी बायको त्याला धरून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी आधी खूप काही विचारलं आणि मग फार थोडं सांगितलं. गाठ वाईट आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. "श्वास इथून घ्याल," डॉक्टर स्वतःच्या गळ्याच्या खड्ड्यावर बोट ठेवून म्हणाले. "जीव वाचेल. पुढे एखाद्या यंत्रानं थोडंफार बोलताही येईल. पण हा आवाज नाही."

नेहमी ह्याच्या वाक्यात वाक्य घुसवायला जागा शोधणारी बायको त्या दिवशी वाट बघत राहिली, की हा काहीतरी बोलेल. तो टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या गळ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "घोड्यावर बसता येईल?"

डॉक्टरांना वाटलं, ही बोलण्याची काहीतरी तऱ्हा असेल. बायकोनं खुलासा केला. डॉक्टर म्हणाले, "बरे झाल्यावर बसा की. फक्त पाणी सांभाळा. गळ्याला छिद्र असणार. पाण्यात पडलात तर पाणी थेट फुफ्फुसात." ऑपरेशनची तारीख साडेचार आठवड्यांनंतरची मिळाली.

साडेचार आठवडे. नेमका त्यातच मोसम सुरू होत होता. दुसऱ्या रविवारी एक स्पर्धा, चौथ्या रविवारी दुसरी.

बाईंना त्यानं पागेच्या नळाशी गाठून सांगितलं. बाई साठीच्या, एकेकाळच्या पट्टीच्या स्वार, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, रडणं वगैरे ठाऊक नाही. त्यांनी नळ बंद केला, परत सुरू केला, परत बंद केला. मग म्हणाल्या, "अर्जावर माझी सही लागते, माहीत आहे ना? मग ऐका. पुढच्या मोसमात मी तुम्हाला रानात सोडीन, पण एका अटीवर. ऑपरेशनच्या आधी ही घोडी माझ्या डोळ्यांदेखत, तुमच्या तोंडून एक शब्द न निघता, पाण्यात उतरली पाहिजे. पाण्याच्या काठावर ती थांबली तर तुम्ही तिच्या मानेवरून थेट आत जाणार. आणि गळ्याला भोक असलेला माणूस..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "नाही उतरली तर नुसतं खरारा करायला या. रोज या. पण रान बंद."

तो म्हणाला, "दहा वर्षांचं शिक्षण चार आठवड्यांत पुसायचं?"

"मी आठ वर्षांपूर्वी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांनाच ते बोलल्याचं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून शिक्षा सुरू झाली. शिक्षाच म्हणायची. घोडीवर बसायच्या आधी बाई पेला पुढे करायच्या. तोंडभर पाणी घ्यायचं, गिळायचं नाही, आणि वीस मिनिटांनी उतरल्यावर बाईंच्या समोर चूळ थुंकून दाखवायची. पाणी कमी भरलं तर परत पहिल्यापासून. उड्यांच्या वेळी मात्र चूळ नाही, गुदमरला असता; तिथे नुसतं वचन. तांबारलेले डोळे, फुगलेले गाल, असा कॉमेंट्री मैदानात गोल गोल फिरू लागला. पागेतले लोक पहिल्या दिवशी पोट धरून हसले. कारण कळलं तेव्हा कुणी हसेना; मग त्यालाच चुकल्या चुकल्यासारखं झालं.

आणि बयोची तर भंबेरीच उडाली. तिला कळेचना. पाठीवर माणूस तोच, वास तोच, वजन तेच, आणि आतून आवाज नाही! ती चार पावलं चालायची आणि थांबायची. एक कान पुढे, एक मागे त्याच्याकडे वळवलेला. मग मान वाकवून त्याच्या गुडघ्याला नाक लावायची. तो पोटरी दाबायचा. ती शेपूट झटकायची, माशी बसली असेल म्हणून. तो आणखी दाबायचा. ती आडवी चालायची. पाठीवर बसून त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तोंडातलं पाणी तसंच धरून ठेवायचं. काय ही थट्टा!

पहिल्या स्पर्धेत व्हायचं तेच झालं. कवायतीच्या मैदानात तो तोंडाला कुलूप लावून शिरला. पहिलं वर्तुळ कसंबसं झालं. दुसऱ्या कोपऱ्यात बयो थांबली, आणि थांबली ती थांबलीच. परीक्षक बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. पंधरा सेकंद गेले. घोडीच्या कातडीवर बारीक थरथर सुरू झाली, जशी त्या पहिल्या दिवशी ठाणात होती. त्याच्यानं बघवेना. "चल गं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, आणि धरणाचं दार उघडावं तशी ती सुटली. मग त्यानंही हात टेकले आणि मनसोक्त बोलून घेतलं. त्या दिवशी बयो अशी पळाली म्हणता! दांडी एकही पडली नाही. रानात वेळेच्या आत. पाण्यात तर अशी उतरली, की काठावरच्या माणसांचे कपडे ओले. बोलण्याचे एवढे गुण जाऊनही चौथा नंबर आला. आयुष्यातला पहिला. फीत मिळाली, लोकांनी पाठ थोपटली. फीत हातात धरून तो व्हॅनच्या पायरीवर बसून राहिला. बायकोनं विचारलं, "अहो, आनंद नाही झाला?" तो म्हणाला, "झाला ना. त्याचंच काय करू, कळत नाही."

त्याच आठवड्यात बायकोनं एका दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर फोन उभा करून ठेवला. ती शाळेच्या ग्रंथालयात काम करायची. गोष्टी जपून ठेवायच्या हे तिच्या अंगातच होतं. म्हणाली, "बोला."

"काय बोलू?"

"काहीही. तुम्हाला कधी विषय लागला आहे?"

पण समोर फोन आणि त्यावर धावणारे आकडे बघून दहा माणसांचं एकटा बोलणारा हा माणूस बसला नुसता बोटं मोडत. बायकोला हसू फुटलं आणि मग हसता हसताच ती ओट्याकडे वळली. तिची पाठ हलायला लागली. तेव्हा कुठे त्याला शब्द सुचले, आणि सुचले तेही रोजचेच. "घाबरू नका. मी आहे ना, इथेच आहे. कुठे जात नाही..." मग थोडं तिला, थोडं बयोला, थोडं लिफ्टमधल्या कुणा अनोळखी माणसाला, असं काहीबाही. एकूण एक मिनिट चाळीस सेकंद. "एवढंच?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "एवढंच बोलत होतो की गं मी. बाकी सगळी भर होती."

दुसऱ्या स्पर्धेपर्यंत चूळ धरून धरून त्याच्या गालांना गोळे आले होते, पण बयो थोडी वळणावर आली होती. पोटरी दाबली की जायची. नाखुशीनं, संशयानं, पण जायची. ऑपरेशनला चार दिवस उरले होते. कवायत त्यानं पहिल्यांदा एक शब्द न बोलता पुरी केली. परीक्षक त्याच, चष्मेवाल्या. त्यांनी कागदावर लिहिलं: 'स्वारात मोठी सुधारणा. अभिनंदन.' बायकोनं तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, फ्रिजवर लावायचं नाव काढलं नाही. दांड्यांच्या उड्यांत दोन पडल्या, पण गप्प राहूनच पडल्या. मग रान.

पाण्याचं डबकं नववं होतं. काठाला ओंडका, पलीकडे तीन पावलांवर गुडघाभर गढूळ पाणी. बाई काठीला टेकून तिथेच उभ्या. बायको दोरीच्या मागे, नेहमीसारखी लांब. घोडा दहा हातांवर आला तरी ती चार पावलं मागे सरायची.

पहिल्या आठ अडथळ्यांत त्याचे दात एकमेकांवर इतके घट्ट होते, की जबडा दुखत होता. नववा दिसला. त्यानं टाच लावली. बयो आली, आली, आणि ओंडक्यापुढे चारही पाय रोवून उभी राहिली. तो मानेपर्यंत घसरला, आयाळ धरून सावरला. एकदा नकार. त्यानं तिला मागे नेलं, वळवलं, परत आणलं. दोन्ही पाय लावले, होता नव्हता तेवढा जोर. ती काठापर्यंत आली, पाण्याकडे पाहिलं, आणि थांबली. दोनदा नकार. तिसऱ्यांदा थांबली तर बाद.

तिसऱ्यांदा वळवण्याआधी बयोनं मान मागे वाकवली आणि त्याच्या गुडघ्याला नाक लावलं. अंगभर तीच थरथर. ती हट्टानं थांबली नव्हती हो. ती विचारत होती. एवढं साधं विचारत होती, आणि ह्याच्याजवळ उत्तर होतं, आणखी चार दिवस होतं. बाईंकडे त्यानं एकदा पाहिलं. बाई मुद्दाम पाण्याकडे बघत होत्या.

"मी आहे ना," तो म्हणाला. "इथेच आहे. हं!"

आणि ती गेली. ओंडक्यावरून अशी अलगद, जणू तिथे ओंडका नव्हताच. पाणी दोन्ही बाजूंनी उडालं. पुढचे सहा अडथळे तिनं कान टवकारून, खेळत खेळत पार केले, कारण तो सगळ्या वाटेवर बोलत होता. घसा सोलून निघत होता तरी बोलत होता. जे काही उरलं होतं ते सगळं त्यानं त्या दीड मैलात तिला देऊन टाकलं.

शेवटच्या रेषेपाशी बाई लंगडत आल्या. त्यांनी घोडीच्या नाकावरून हात फिरवला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "काय वारा सुटला होता तिथे. मला तर काही ऐकू आलं नाही."

तो उतरला. खोगिराचा पट्टा सोडवायला त्याला दोनदा हात घालावा लागला. "बाई," तो म्हणाला, "मला आलं ना ऐकू."

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं, नीट झालं. डॉक्टर खूश होते. कंपनीतल्या साहेबांनी त्याला भिंतीतल्या जाळीवरून काढून सुट्या भागांच्या कोठारात बसवलं. जाळीतून आता कुणी तरणी मुलगी बोलते, 'कृपया शांत राहा' म्हणते. त्याच्या गळ्यात रुमाल, खिशात वही आणि पेन्सिल. बायको त्याची वाक्यं पुरी होण्याआधी वाचून मोकळी व्हायची, आणि मग 'लिहा, लिहा, मी थांबते' म्हणून ओशाळायची.

दीड महिन्यानं तो पागेत गेला. बायको बरोबर होती. ठाणाचं अर्धं दार उघडून तो आत शिरला. बयोनं त्याला हुंगलं. रुमालापाशी नाक नेऊन बराच वेळ हुंगलं, एकदा फुरफुरली. गाजर खाल्लं. ओळखलं नाही असं नाही, माणूस ओळखला. पण मग तिनं त्याच्या खांद्यावरून मान बाहेर काढली आणि दोन्ही कान पुढे करून अंगणाकडे बघत राहिली. हा आला म्हणजे मागोमाग आवाजही येईल, अशी. त्यानं तिच्या मानेवर थाप मारली. ओठ हलवले. गळ्याच्या छिद्रातून नुसती हवा फुसकन बाहेर आली, आणि त्या आवाजानं ती दचकून मागे सरली.

त्याचा हात सवयीनं खिशाकडे गेला. वही काढून घोडीला काय लिहून दाखवणार?

बायको नेहमीसारखी लांब, अंगणात उभी राहून हे बघत होती. दहा वर्षांत तिनं त्या दाराला हात लावला नव्हता. त्या दिवशी ती सरळ चालत आली, पर्समधून फोन काढला, आणि बटण दाबलं. "घाबरू नका. मी आहे ना, इथेच आहे. कुठे जात नाही..."

बयो अशी खिंकाळली, की माळ्यावरची कबुतरं उडाली. तिनं मानेचा एक धक्का देऊन त्याला बाजूला सारलं, तो भिंतीला टेकला, आणि ती दारावरून वाकून बायकोच्या तळहातात, फोनवर, नाक घासायला लागली. बायको डोळे मिटून, श्वास रोखून, खांबासारखी उभी. पण हात तिनं मागे घेतला नाही. स्वतःच्याच आवाजाचा माणसाला हेवा वाटावा, असं कधी ऐकलंय का कुणी? त्याला वाटला. भिंतीला टेकून तो बघत होता, आणि तिकडे तोच बोलत होता, मजेत, घोगरा, जिवंत.

एक मिनिट चाळीस सेकंद संपले. बयोचे कान तसेच पुढे. बायकोनं डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "परत लावू?"

त्यानं मान हलवली. लाव. मग खुंटीवरचा खरारा काढला, आणि घोडीची मान तिकडे असताना तिच्या मागच्या बाजूला उभा राहून पाठ घासायला लागला.